आमच्या शिवणाच्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, चारचौघांत आलेलं तुम्हाला आवडत नाही. नागपूरच्या नंदनवन भागात तुमच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बाया न सांगताही ओळखतील.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भाच्याच्या लग्नासाठी निळ्या कापडाचा ड्रेस शिवायला आले होते. तुम्ही टेप फिरवला, वहीत पाहिलं आणि परत फिरवला. मग ती लांबट वही माझ्यासमोर धरली. २०११ साली कंबर २९, २०१६ साली ३१, आता साडेचौतीस. बाही आणि मुंढा मात्र तेवढेच्या तेवढे. "बाई, रागवू नका. हात तं काडीवानी हायेत, मंग पोट काहून सुटलं वो? शुगर तपासली का?"

मला राग आला होता, आज कबूल करते. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५४ किलो. सगळी शाळा मला 'बारीक बाई' म्हणायची. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तर वजनाचा काटा पाहूनच "तुम्हाला काही नको" म्हणून परत पाठवलं होतं. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तुम्ही गप्प बसू शकला असता. उलट तुम्ही मशीन थांबवलं आणि स्वतःच्या ऑपरेशनचं सांगितलं. पाळी गेल्यानंतर सहा वर्षांनी स्तनात आलेली कर्करोगाची गाठ, तिच्याआधी कितीतरी वर्षं अंगात मुरलेली साखर. ऑपरेशननंतर स्वतःसाठी कृत्रिम स्तन ठेवायला आतून खिसा लावलेला ब्लाउज शिवला, आणि आता तसेच ब्लाउज इतर बायांना शिलाई न घेता शिवून देता. इतकी वर्षं तुमच्याकडे येत होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९४, रक्तदाब १३८/८८. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. माझी अठ्ठ्याऐंशीला टेकलेली. साखर १००, ट्रायग्लिसराइड्स १५०, रक्तदाब १३०/८५ या रेषांना टेकणं किंवा त्या ओलांडणं, चांगलं कोलेस्टेरॉल ५०च्या खाली जाणं आणि वाढलेली कंबर, अशा पाच खुणांपैकी तीन जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझ्या चार जुळल्या. चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं ५२ निघालं.

तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं की साखरेचा आणि स्तनाच्या गाठीचा संबंध काय. पाळी गेली की बीजकोशांतून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक येणं जवळजवळ थांबतं, पण चरबी ते तयार करत राहते. चरबीतलं ॲरोमॅटेज नावाचं विकर दुसऱ्या संप्रेरकांचं इस्ट्रोजेन करतं. पोटावर चरबी साठली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि रक्तात इन्शुलिन वाढतं. पेशींना वाढायला तेही चिथावतं. शिवाय इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनू लागतं, म्हणून मोकळं फिरणारं इस्ट्रोजेन वाढतं. स्तनाच्या बऱ्याच गाठी त्याच्यावरच पोसतात.

त्यांनी दाखवलेला २०१८ सालचा एक अमेरिकी अभ्यास मी दोनदा वाचला. पाळी गेलेल्या, वजन अगदी प्रमाणात असलेल्या ३,४६० स्त्रिया, सुमारे १६ वर्षांचा पाठपुरावा. ज्यांच्या अंगात चरबी सगळ्यात जास्त होती, त्यांच्यात इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगाचं प्रमाण सगळ्यात कमी चरबीवाल्यांच्या दुपटीहून थोडं जास्त होतं. काट्यावर मात्र दोघीही 'ठीक'च होत्या. म्हणजे काट्याला न दिसलेलं तुमच्या टेपने पकडलं, ताई!

याचा अर्थ कंबर वाढली म्हणजे कर्करोग होणारच, असा मुळीच नाही. साखर-चरबी सगळं नीट असलेल्या बायांनाही गाठ येते, आणि त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. पाळी चालू असतानाचं गणितही वेगळं असतं.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या दिवशी मात्र माझं विज्ञान कुठल्या कुठे गेलं. लग्नसराईत, कापडांचे गठ्ठे तसेच ठेवून तुम्ही दुकान बंद केलंत आणि ऑटोत माझ्या शेजारी येऊन बसलात. वाटेत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, माझा हात तेवढा घट्ट धरून होतात. रिपोर्ट स्वच्छ आला, तेव्हा आधी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही.

त्यानंतर पहाटे पाचला सक्करदरा तलावाकडे फिरायला जाते. मे महिन्यात नागपुरात दुसरी वेळच नाही. दिवसाचा पाच कप गोड चहा दोनवर आला, रात्रीच्या भाताच्या जागी ज्वारीची भाकरी आली. रविवारचे तर्री पोहे सोडले नाहीत, प्लेट अर्धी केली. पाण्याच्या बाटल्या उचलून हातांचा व्यायाम करते, कारण साखर स्नायूंतच जास्त खर्च होते. नऊ महिन्यांत साखर ९८ झाली. ट्रायग्लिसराइड्स अजून १६८वर अडून आहेत, रक्तदाबाची गोळीही चालू आहे.

दुकानात बसणाऱ्या बायांना तुम्ही सांगता, तेही इथे लिहून ठेवते. तिशी ओलांडलेल्या बाईची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, हाताने, मोफत. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायांवर केलेल्या अभ्यासात अशीच, दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हातांनी निम्म्या बायांची तपासणी झाली. तपासणी न झालेल्यांच्या तुलनेत पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हे वाचलं तेव्हा मला तुमचेच हात आठवले.

ताई, माझ्या सख्ख्या माणसांनी पाहिलं नाही ते तुम्ही पाहिलंत आणि मला राग येईल हे माहीत असूनही बोललात. मनापासून आभार.

गुरुवारी तो निळा ड्रेस घेऊन येते. कमरेत दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा आहे, पण कापू नका, माया तशीच राहू द्या. सोबत माझी धाकटी जाऊ येतेय. तीही बारीकच आहे, "मला काय होतंय" म्हणते. तिच्या नावाचं नवं पान काढा आणि कंबर आधी मोजा.

तुमची,
बाई