फाटलेलं पान जोडणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

काल रात्री आमचा धाकटा आईला हृदय समजावून सांगत होता. चुलीपुढच्या शहाबादीवर, कोळशानं रेघा ओढून. आई दुसरीपर्यंतच शिकलेली. तिनं मधीच विचारलं, "ही डावीकडली भिंत एवढी जाड कामून काढली रे?" त्यानं सांगितलं, आणि आईला ते पटलं. माझी भाकरी तव्यावर करपली. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

हे तेच लेकरू, ज्याला तालुक्याच्या क्लासात 'ढ' म्हणून मागं बसवलं होतं. कापसाची पट्टी आली तशी आम्ही त्याची फी भरली होती. रक्ताभिसरण शिकवताना यानं वहीत जायकवाडी धरण काढलं आणि त्यातून निघणारे दोन कालवे. सरांनी सगळ्यांदेखत ते पान टरकावलं. "हा काय चित्रकलेचा तास आहे?" पुढं कित्येक महिने त्यानं पेन्सिल धरली नाही. त्या चित्रात काय आहे एवढं विचारायलाही त्या माणसाला सवड झाली नाही, हे मला अजून सोसत नाही.

तुम्ही वह्या तपासायला घरी नेल्या. ते चुरगळलेलं पान त्यानं वहीतच घडी करून ठेवलेलं होतं. वही परत आली तर पान आपल्या जागी! कोपरे सरळ केलेले, चिकटपट्टी लावताना कालव्याची तुटलेली रेघ रेघेला जुळवलेली. लाल शाई कुठंच नाही. खाली पेन्सिलीनं एवढंच: "कालव्याला उतार असतो. रक्ताला कुठला?"

दोन दिवस तो त्या ओळीवर बसून होता. नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्या भागातून जातो, पाणी उतारानं येतं हे त्यानं जन्मापासून पाहिलेलं. पण रक्त तर डोक्याकडंही चढतं. म्हणजे कुणीतरी ढकलायलाच पाहिजे. उजव्या बाजूला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचंय, डावीला पार पायाच्या नखापर्यंत. मग त्यानं डावी भिंत गिरवून गिरवून जाड केली.

मी बी.एड. करते. शब्द आणि चित्र अशा दोन्ही वाटांनी मनात गेलेली गोष्ट जास्त टिकते, हे कॅनडाच्या अ‍ॅलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडलेलं मी पेपरात लिहून आले. लिहिताना ते नुसतं पाठ होतं. खरं तर याचा हात काही चित्रकाराचा नाही. त्याची माणसं म्हणजे काड्या, बाकी चौकटी आणि बाण. तरी त्या बाणांमागं त्याचा विचार चालला होता, आणि तो तुम्ही वाचलात. दुसऱ्याच्या पोराची वही इतक्या हळुवार हातानं धरणारी माणसं आहेत, एवढ्यानंच मला धीर येतो.

आईनं सकाळी घर झाडून पुसून घेतलं. चुलीपुढची ती एक फरशी तेवढी सोडली.

तुमच्या विद्यार्थ्याची ताई,
पाथरी तालुका, जि. परभणी