पासवर्ड वहीत लिहा, पण मोबाईल नंबर ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पासवर्डबद्दल चौकट आली होती. दर महिन्याला पासवर्ड बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, त्यात कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह सगळं घाला आणि कुठेही लिहून ठेवू नका. वाचून मी आमच्या ह्यांना म्हटलं, हे ज्याने लिहिलंय त्याने एकतर स्वतः कधी पाळलं नसणार नाहीतर त्याची बायको त्याचे पासवर्ड सांभाळत असणार. मी त्याच दिवशी मोजायला बसले, लाईट बिल, गॅस, रेल्वे, पेन्शन, दोन बँका, इन्कम टॅक्स, इमेल, ह्यांचं इमेल (जे हे कधी उघडत नाहीत पण ओटीपी तिकडेच जातो), असे आमच्या दोघांचे मिळून एकतीस निघाले. एकतीस पासवर्ड दर महिन्याला बदलायचे म्हणजे रोज एक, आणि लिहायचं नाही. अहो, मला काल भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही.

आधी आमच्या वायफायची गोष्ट सांगते, कारण ती झाल्यावरच मी यात एवढं डोकं घातलं.

आमची डोंबिवलीतली चार मजली साधी सोसायटी. दोन वर्षांपूर्वी केबलवाल्यामार्फत फायबर घेतलं. जोडायला आलेला मुलगा पंचवीस मिनिटांत काम करून गेला, जाताना म्हणाला "काकू, पासवर्ड तुमचा मोबाईल नंबरच ठेवलाय, विसरायचं टेन्शन नाही". मला तर फार बरं वाटलं, चहा पण पाजला त्याला. वायफायचं नाव त्याने आमचं आडनाव आणि पुढे फ्लॅट नंबर असं ठेवलं. आता गंमत अशी की आमचे हे सोसायटीचे खजिनदार, आणि बिलांचं काम मी बघते म्हणून खाली नोटीस बोर्डवर "मेंटेनन्ससाठी संपर्क" म्हणून माझा नंबर गेली सहा वर्षं लटकतोय, लॅमिनेशन करून! म्हणजे वायफायचं नाव सांगतंय घर कुठलं आणि बोर्ड सांगतोय किल्ली कुठली.

वर्षभर कळलंच नाही. संध्याकाळी सात नंतर सिरीयल अडकायची, गोल गोल फिरत बसायचं, कंपनीत तक्रार केली की राउटर (म्हणजे वायफायचा तो डबा) बंद करून चालू करा हेच उत्तर. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने मोबाईलवर १९२.१६८.१.१ असं टाकून राउटरचं पान उघडलं आणि मला म्हणाला, आई आपल्या घरात फोन किती? मी म्हटलं तीन आणि एक टीव्ही. पानावर दिसत होते चौदा! त्यातल्या एकाचं नाव तर चक्क "बॉस" होतं. कोण ते नंतर कळलं, दुसऱ्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा, त्याने पहिल्या प्रयत्नात नंबर टाकला आणि लागला, मग खालच्या कट्ट्यावरच्या सगळ्या मित्रांना दिला. मी त्याला काही रागावले नाही, त्याने कुलूप तोडलं नाही, किल्ली आम्हीच दाराला टांगून ठेवली होती.

बरं पासवर्ड बदलला तर चौदाचे नऊ झाले, चार होईनात. कारण त्या डब्यातून दोन वायफाय निघतात, एक साधं आणि एक नावापुढे फाईव्ह-जी लिहिलेलं, आणि जोडायला आलेल्या मुलाने दोन्हीला तोच नंबर लावला होता, आम्ही एकच बदललं. हे कोणी सांगत नाही. ते फाईव्ह-जी म्हणजे मोबाईलचं फाईव्ह-जी नव्हे, पाच गिगाहर्ट्झचा पट्टा, जास्त वेगाचा पण भिंतीपलीकडे लवकर दमणारा, हेही मला तेव्हाच कळलं.

कोणी म्हणेल, पोरांनी थोडं नेट वापरलं तर काय बिघडलं. मीही आधी तेच म्हटलं. पण मग २००८ आठवलं. अहमदाबादला २६ जुलैला स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचं इमेल गेलं होतं, ते शोधत पोलिस पोचले आमच्यापासून जवळच, नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं आणि कोणीतरी ते वापरून इमेल पाठवलं. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही हे नंतर निघालं, पण चौकशी, पेपरात नाव, सगळं होऊन गेलं. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका ऑफिसचं वायफाय असंच वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला तर मुंबई पोलिस उघडी वायफाय शोधत फिरायला लागले होते. इंटरनेटवर पत्ता जातो तो कनेक्शनचा, माणसाचा नाही. कट्ट्यावरच्या दहा जणांपैकी कोणी काय पाठवलं ते राहिलं बाजूला, बेल आमच्या घराची वाजणार.

आता मोबाईल नंबर बोर्डावर नसता तरी तो चालला नसता, हे मुलाने मला समजावलं ते सांगते, मला ते फार पटलं. फोन वायफायला जोडताना राउटरशी त्याची जी देवाणघेवाण होते ती बाहेर रस्त्यावर गाडीत बसून टिपून घेता येते. मग ती घरी नेऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा, आपल्या राउटरला पत्तासुद्धा लागत नाही. आपले मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ऐकायला प्रचंड, पण गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला चार-पाच लाख नंबर सहज लावून बघतं. दोन-अडीच तासात खेळ खलास. जन्मतारखेचा तर प्रश्नच नाही, शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून छत्तीस-सदतीस हजार होतात, शिंक यायच्या आत संपतात.

मग ठेवायचं काय? मी म्हटलं अभंगाची ओळ ठेवू, लांब पण आहे आणि पाठ पण आहे. मुलगा म्हणाला नको, जे लाखो लोकांना पाठ आहे ते पासवर्ड फोडणाऱ्यांच्या यादीतही असतं. त्याने सांगितलं एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घे, पण तू निवडू नकोस, तू निवडलेस तर स्वयंपाकघरातलेच निवडशील (बरोबर ओळखलं). परदेशात म्हणे लोक फासे टाकून शब्द काढतात, पाच फासे टाकायचे आणि ७७७६ शब्दांच्या यादीत तो आकडा कुठला ते बघायचं, १९९५ पासून आहे ती पद्धत. आमच्याकडे यादी कुठली, मग जाडा शब्दकोश काढला आणि नातीला डोळे मिटून पाच वेळा बोट ठेवायला लावलं. आलेले शब्द इथे लिहित नाही अर्थातच, पण समजा "टांगा खलबत्ता अधिवेशन पिसू नारिंगी" असं काहीतरी. एकदा डोळ्यासमोर आणलं की विसरायला होत नाही, खलबत्ता घेऊन अधिवेशनाला टांग्यातून निघालेली नारिंगी पिसू! वायफायचा पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, मग आठ अक्षरातच कशाला कुथत बसायचं.

पण मराठीची एक गोची आहे ती कुठल्याच चौकटीत छापून येत नाही. पासवर्ड टाकायचा इंग्रजी अक्षरात. आता खलबत्ता मी लिहिते एक, हे लिहितात दुसरं, ह्यांना प्रत्येक ठिकाणी एक ए जास्त लागतो आणि सुनेला कमी. टांगा म्हटलं की टी ए एन जी ए का टी ए ए एन जी ए यावर आमच्याकडे पंधरा मिनिटं भांडण झालं. तेव्हा शब्द लक्षात असले तरी स्पेलिंग कागदावर हवंच. म्हणून "लिहून ठेवू नका" याला माझा सक्त विरोध आहे.

लिहायचं कुठे हा मात्र प्रश्न आहे, यात मी स्वतः माती खाल्लेली आहे. इतकी वर्षं आमचे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असायचे, जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, मार्चच्या पानावर बँक, जूनच्या पानामागे लाईट बिल. मागच्या जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं, जुनं रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं, आणि पाच तारखेला बिल भरायला बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रद्दीवाल्याकडे पळत गेले तर माल सकाळीच गेलेला. पुढचे चार दिवस मी फक्त "फरगॉट पासवर्ड" दाबत होते.

आता एक वही आहे. ती कपाटात साड्यांच्या मागे असते, अजून कुठे ते सांगत नाही. रशियात नाहीतर झारखंडात बसून माझं खातं उघडायला बघणारा माणूस माझ्या साड्यांपर्यंत पोचू शकत नाही, आणि घरात शिरलेला चोर दागिने सोडून वह्या चाळत बसत नाही. तरी एक खबरदारी घेतली आहे, वहीत प्रत्येक पासवर्डच्या शेवटी एक तुकडा लिहिलेलाच नाही, तो आम्हा दोघांच्या डोक्यात आहे आणि मुलाला तोंडी सांगितलाय. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन वहीत नाही म्हणजे नाही. मुलगा पासवर्ड मॅनेजर वापर म्हणून मागे लागला होता, एक मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे तोच बनवतो आणि तोच भरतो. माझ्या फोनवर लावून दिलाय, चांगलं आहे, खोटं बोलणार नाही, बँकेच्या खोट्या साइटवर गेलं तर तो पासवर्ड भरतच नाही हे मला आवडलं. पण त्याचा मोठा पासवर्ड विसरले तर काय? तो वहीतच आहे. आणि वही आणखी एका कारणासाठी हवी. शेजारच्या वहिनींचे मिस्टर अचानक गेले, सगळं त्यांच्या मोबाईलमध्ये, मोबाईलला त्यांचंच बोट. आठ महिने त्या बाई ह्या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरत होत्या.

राहता राहिलं दर महिन्याला बदलायचं. हा नियम आला कुठून माहितीये का? अमेरिकेत एनआयएसटी म्हणून सरकारी संस्था आहे, तिथल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ मध्ये मार्गदर्शक सूचना लिहिल्या, चिन्ह घाला, आकडा घाला, सारखा बदला. जगभर कंपन्यांनी आणि बँकांनी तेच उचललं. २०१७ मध्ये, रिटायर झाल्यावर, त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं की यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने सूचना नव्याने लिहिल्या, ठराविक मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचं कळलं तर बदला, आणि लांबीला महत्त्व द्या. कारण सक्ती केली की माणसं काय करतात ते मला विचारा. माझा एका साइटवरचा पासवर्ड गणपती, मग ते ॲटचं चिन्ह, मग सालाचा आकडा असा होता, दर वर्षी साल तेवढं बदलायचं. तिथला हिरवा पट्टा मला "स्ट्रॉंग" म्हणायचा.

राउटरच्या डब्याबद्दल थोडं सांगून थांबते. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि त्या राउटरच्या पानावर शिरायचा पासवर्ड वेगळा. आमच्याकडे दुसरा "ॲडमिन", नाव पण ॲडमिन, दोन वर्षं तसंच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच पकडले होते, त्याच्याकडे कंपनीने दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बास. तसंच डब्ल्यूपीएस म्हणून एक बटण असतं, बिनपासवर्डचं जोडायला, त्यामागे आठ आकडी पिन असतो. तो आठ आकडी दिसतो खरा, पण शेवटचा आकडा फक्त पडताळणीचा आणि बाकीचा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नात निघतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. आम्ही ते बंद केलं. पाहुण्यांसाठी "गेस्ट" वायफाय चालू केलंय, त्याला साधा पासवर्ड, दारावरचा कॅमेरा पण त्यावरच टाकलाय. हे सगळं करायला मुलाला अर्धा तास लागला.

माझी तक्रार एवढीच आहे की हा अर्धा तास जोडायला येणाऱ्या माणसाने का देऊ नये? कंपनीचं नाव लिहित नाही, सगळ्यांचीच मुलं असंच करतात, त्यांना दिवसाला दहा घरं उरकायची असतात, मला त्यांचा राग नाही. पण ज्या कंपन्या दरमहा आठवणीने बिल पाठवतात त्यांनी नवीन कनेक्शनला मोबाईल नंबर पासवर्ड ठेवायचा नाही एवढा नियम केला तर काय बिघडेल. आणि आपल्या पेपरलाही विनंती, पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा दर महिन्याला बदलायचं काढून टाका आणि त्या जागी राउटरचं पान कसं उघडायचं ते मराठीत, चित्र काढून, मोठ्या टाइपात छापा. आमच्या सोसायटीत मी त्याच्या वीस झेरॉक्स काढून वाटेन.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता.क. पत्राखाली मोबाईल नंबर देण्याचा आपला नियम आहे म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय. कृपया छापू नका. आमचा पासवर्ड आता तो नाही, पण नोटीस बोर्डवरून अजून काढलेला नाही, ह्यांना स्क्रू ड्रायव्हर सापडत नाहीये.