विषय: ‘बॅलन्स्ड क्रिएटर बिल्ड’ (व्हिडिओ-फोटोवाल्यांसाठी तोलून जोडलेलं मशीन) म्हणून गळ्यात मारलेल्या डेस्कटॉपबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. ठेवला म्हणजे पलीकडून कट झाला. म्हणून आता लेखी.

मशीनमध्ये काय आहे ते तुम्हाला ठाऊक असणार, तुम्हीच जोडलंय. तरी बिलावरचं जसंच्या तसं उतरवतो, सलग वाचलंत तर तुम्हालाच हसू येईल. आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, त्याच्या जोडीला आय३-१२१००एफ प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, एच६१० मदरबोर्ड, आणि ४५० वॅटचा कुठलातरी पॉवर सप्लाय, ज्यावर ८० प्लसचं, म्हणजे वीज वाया न घालवण्याच्या प्रमाणपत्राचं, साधं लेबलही नाही. निम्मं बिल एकट्या कार्डाचं. उरलेल्या पैशात जे बसेल ते कोंबलं आणि वर ‘बॅलन्स्ड’चा स्टिकर चिकटवला. पुढच्या काचेत रंगीत लाइटचे पंखे मात्र मोजून चार दिलेत, त्याबद्दल धन्यवाद.

माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे, जुळे सोलापुरात. ऑर्डर घेताना तुमच्या माणसाने कॅमेरा कोणता, फूटेज कसलं, सगळं विचारून फॉर्मवर लिहून घेतलं होतं. १०-बिट ४:२:२, एचईव्हीसी, म्हणजे रंगांचा जास्त तपशील राखणारं आणि दाबून साठवलेलं फूटेज. आता हे तुम्हाला मी सांगायचं का, की ४० सिरीजचं एनव्हिडिया कार्ड असलं फूटेज हार्डवेअरवर डिकोड करतच नाही, म्हणजे स्वतः उलगडून देतच नाही? ते काम इंटेलच्या प्रोसेसरमधले आतले ग्राफिक्स करतात, क्विक सिंक म्हणतात त्याला. आणि तुम्ही शोधून शोधून ‘एफ’वाला प्रोसेसर दिलात, म्हणजे नेमके ते ग्राफिक्स काढून टाकलेला. साधा आय५-१२४०० दिला असता तर याहून स्वस्तातल्या कार्डावर माझं काम मजेत निघालं असतं.

आता हळदीची क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो. टास्क मॅनेजर उघडून बसलो तर प्रोसेसर १०० टक्के, मेमरी काठोकाठ, आणि ते महागडं कार्ड आठ-दहा टक्क्यांवर निवांत. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे. एकच कांडी लावल्यावर बँडविड्थ, म्हणजे डेटा ये-जा करायचा वेग, निम्म्यावर येते हे तरी मान्य असेल: डीडीआर४-३२०० रॅमला दोन चॅनेलवर (दोन कांड्या) सेकंदाला ५१.२ जीबी, एकावर २५.६. मी स्वतः दुसरी रॅम टाकतो म्हटलं तर म्हणे सील तुटेल, वॉरंटी जाईल.

एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, लावलं की थेट बंदच पडतं. कार्ड २०० वॅटचं, एनव्हिडिया त्याला ६५० वॅटचा सप्लाय सांगते. तुमच्या सप्लायला कार्डासाठी आठ पिनची एकच वायर होती, म्हणून दुसरी तुम्ही मोलेक्सला (डिस्क-पंख्यांना वीज देणारी जुन्या पद्धतीची वायर) कन्व्हर्टर जोडून तयार केलीत. बाजूच्या काचेतून दिसतंय, त्या पांढऱ्या कनेक्टरची एक कड पिवळी पडली आहे. वास येतो तो वेगळाच. फोटो सोबत पाठवले आहेत.

आता तो आजचा फोन.

“सर, कोणता गेम खेळताना बंद पडतो?”

म्हटलं गेम नाही, एडिटिंग.

“मग सर, गेमिंगचा पीसी कशाला घेतला?”

मी बिल हातात घेऊन ‘क्रिएटर’ हा शब्द त्याला दोनदा वाचून दाखवला. त्याने होल्डवर टाकलं. होल्डवर काय वाजत होतं, तर याच मशीनची जाहिरात. परत आला तो एकदम डॉक्टर होऊन आला: “सर, टेम्परेचरचा इश्यू आहे. सोलापूरला गरम असतं ना, रूममध्ये एसी लावा.” प्रोसेसर सत्तर अंशाच्याही वर जात नाही, आकडा स्क्रीनवर बघून सांगतोय, असं म्हटलं. त्यावर जरा थांबून, अगदी आपुलकीने: “पण सर, सोलापूरमध्ये लोकांना एवढं फोर-के वगैरे लागतं का?”

लागतं का! अहो, इथे साखरपुड्याला ड्रोन उडतो आणि पार्टी दुसऱ्या दिवशी सकाळी टीझर मागते. सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगाचटणी एवढंच त्या मुलाने ऐकलं असेल, ठीक आहे. पण चादर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही ‘तुमच्या गावात थंडी पडते का’ असं विचारत नाही. पैसे घेतो आणि चांगला माल देतो. मी विचारलं, साहेबांशी बोलणं करून द्या. तर “सर, साहेब मीटिंगमध्ये आहेत” आणि फोन कट.

आणि तो पॉवर सप्लाय. पुन्हा लिहितोय, कारण फोनवर दर वेळी या मुद्द्यापाशी आलं की लाइन जाते. पिवळा पडलेला कनेक्टर उद्या पेटला तर आत शूटिंगच्या हार्ड डिस्क आहेत. लोकांची लग्नं आहेत त्यात, परत लागणार नाहीत.

मला फुकट काही नको. आय३ काढून आय५-१२४०० द्या, एफ नको. बोर्ड तोच राहू दे, त्यावर तो बसतो. १६-१६ जीबीच्या दोन रॅम, आणि ६५० वॅटचा नावाजलेला, ८० प्लसवाला सप्लाय. कार्ड खालचं दिलंत तरी चालेल, हिशेब जुळवा. ‘मशीन स्वखर्चाने पुण्याला पाठवा’ असं म्हणाल तर ते मात्र जमणार नाही. काचेचं कॅबिनेट आहे, माणूस पाठवा.

नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि पुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक राहतो तिथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, एवढं मी वाचून ठेवलंय. म्हणजे तारखेला तुम्हाला सोलापुरात यावं लागेल. मे महिन्यात तारीख पडली तर एसीचं तुमचं तुम्ही बघा.

तुमचा, अजून तरी,
ग्राहक