मस्टरला बांधलेलं पेन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कंपन्या लोकांना परत ऑफिसला बोलवायला लागल्यात त्याच्या बातम्या तुमच्या पेपरात अधनंमधनं येतात, मी वाचते. त्यात नेहमी पुणे-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांचंच असतं. आमच्या सोलापूरच्या एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसात कोरोनाच्या काळात काय चाललं होतं ते मला कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. पत्र लांबलं तर कापा, पण दहा माणसांच्या नियमाचं आणि हजेरीच्या मस्टरचं तेवढं राहू द्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. लूमवरचे कामगार वेगळे, ऑफिसात आम्ही ९ जण. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आमचं वर्ष संपायला आठवडा पण राहिला नव्हता, आणि मार्चएंड म्हणजे काय असतं ते कुठल्याही अकाउंटवाल्याला विचारा. शेठचा फोन आला, घरच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क (घरनं ऑफिसचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, काहीही करून खाती बंद झाली पाहिजेत. वॉचमन कारखान्यातच राहायला होता, तो सकाळी ऑफिसचे पीसी चालू करून द्यायचा आणि फाईलीतल्या बिलांचे फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकायचा, आणि मी घरी देव्हाऱ्यासमोर स्टूल टाकून टॅलीत एंट्र्या मारत बसायचे. मुलाची शाळा त्याच कॉम्प्युटरवर सुरू झाली तेव्हा माझं काम पहाटे पाच ते नऊ आणि परत रात्री. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, पाण्याचा वार असला की मधनंच उठून भरायला लागायचं. पण खाती बंद झाली. बँकेची स्टेटमेंटं जुळली, जीएसटीचं झालं, कामगारांच्या पीएफचं चलन भरलं. मेमध्ये शेठ स्वतः फोनवर म्हणाले, ताई, कमाल केली तुम्ही लोकांनी.

हे सगळं एवढं सविस्तर सांगायचं कारण एकच, काम घरून होतं की नाही हा प्रश्न आमच्या ऑफिसात शिल्लकच नव्हता, शेठना उत्तर मिळालं होतं.

तरी जूनमध्ये अनलॉक लागल्या लागल्या फोन आला, उद्यापासून सगळ्यांनी यायचं. मी विचारलं, सगळ्यांनी? तेव्हा खाजगी ऑफिसांसाठी सरकारचा नियम असा होता की १० टक्के माणसं किंवा १० माणसं, यात जे जास्त असेल ते, बाकीच्यांनी घरून काम करायचं. मुंबई-पुण्यात हजार माणसांच्या ऑफिसात याचा अर्थ शंभरच माणसं. पण आमच्यासारख्या नऊ जणांच्या ऑफिसात याचा अर्थ सगळेच्या सगळे! नियम कागदावर पाळला, घरी एकही माणूस राहिला नाही. नवी पेठेत नाहीतर सात रस्त्याला जा, किती ऑफिसात दहापेक्षा जास्त माणसं असतात? सीएची ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, सुताचे व्यापारी, आडते, सगळे पाच-सात-आठ जणांचे. म्हणजे गावातल्या बहुतेक ऑफिसांना तो नियम नसल्यासारखाच होता, आणि कुणाला बोलवायचं ते मालकाच्या मर्जीवर. ज्याचा मालक समजूतदार तो वाचला, एवढंच. मला अजूनही वाटतं की ज्यानं कुणी ते वाक्य लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर छोटं ऑफिस नव्हतंच.

आता मस्टर. आमच्याकडं थंबचं मशीन होतं, कोरोनामुळं ते बंद केलं, बरोबरच केलं. पण हजेरी तर पाहिजे म्हणून कपाटातलं जुनं मस्टर काढलं आणि दारापाशी टेबलावर ठेवलं, त्याला एक निळं बॉलपेन, आणि पेन कुणी नेऊ नये म्हणून कारखान्यातल्याच सुताच्या दोऱ्यानं बांधलेलं. शेजारी सॅनिटायझरची बाटली. म्हणजे आधी हात सॅनिटाइझ करायचा आणि मग तेच पेन धरायचं जे आधीच्या आठ जणांनी धरलंय. हात ओला असायचा त्यामुळं सहीची शाई पसरायची, त्या महिन्यांची पानं बघितली तर नावासमोर सह्या नाहीत, नुसते निळे डाग आहेत. मी एकदा म्हटलं की शेठ, ज्या दिवशी मला फक्त एंट्र्याच करायच्या आहेत त्या दिवशी मी घरनं करते, आठवड्यातनं एक दिवस येऊन व्हाउचर आणि चेकचं बघून जाते. तर म्हणाले, माणूस डोळ्यासमोर असला की काम होतं. मी म्हटलं, मार्चएंड? म्हणाले, ते वेगळं होतं.

जुलैत शहरात दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला, परत एनीडेस्क, परत काम झालं, परत बोलावणं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ब्रेक द चेन, म्हणजे राज्य सरकारचे नवे निर्बंध आले. खाजगी ऑफिसं बंद, पण निर्यातीच्या ऑर्डरी असलेल्या कारखान्यांना परवानगी होती, आणि कारखान्याच्या परवानगीत आमचं ऑफिसही बसवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सोमवारी कणकण होती, तरी तो आला, कारण रजा घेतली की पगार कापला जायचा, आणि घरी दोन लेकरं. त्याला दोष देऊ कशी? कॉम्प्युटर तापतात म्हणून आमच्याकडं एसी आणि एसीमुळं खिडक्या बंद. शुक्रवारपर्यंत नवातले चार पॉझिटिव्ह, त्यात मी. माझ्याकडनं सासूबाईंना झालं. अकरा दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या, मला दवाखान्यात जाता येत नव्हतं, मी घरात खोलीत बंद, फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकायचा. वाचल्या त्या. पेनमुळं झालं असं मी म्हणणार नाही, हा रोग बंद खोलीतल्या हवेतनं जास्त पसरतो हे नंतर सगळ्यांनाच कळलं. आम्ही पेन पुसत बसलो आणि खिडकी कुणी उघडली नाही. पण त्या खोलीत त्या आठवड्यात आम्ही नऊ जणांनी बसायची काही गरज होती का, हा प्रश्न माझ्या डोक्यातनं जात नाही. माझा १४ दिवसांचा पगार कापला गेला, तो वेगळाच. पगार कापू नका असा केंद्राचा आदेश निघाला होता, २९ मार्च २०२० चा, पण तो त्याच वर्षी मेमध्ये मागं घेतलेला, त्यामुळं एप्रिल २०२१ ला दाखवायला हातात काही नव्हतं.

सगळे मालक असले असं माझं म्हणणं नाही. आमचे मिस्टर एका सहकारी बँकेत कॅशिअर आहेत. बँक अत्यावश्यक सेवेत, काउंटर घरून चालत नाही, लोकांना पेन्शनचे पैसे लागतातच. त्यांच्या मॅनेजरनं पहिल्याच आठवड्यात एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी म्हातारं कोण आहे, कुणाला शुगर-बीपी आहे, लहान मूल आहे का, कसं येता. मग दोन बॅच केल्या, एक आठवडा ही, एक आठवडा ती, म्हणजे एका बॅचला झालं तरी बँक बंद पडायला नको. एकाची आई डायलिसिसवर होती, त्याला कर्जाच्या वसुलीचे फोन घरनं करायला दिले. आणि मॅनेजर स्वतः काउंटरवर बसायचे, केबिनमध्ये नाही. कागद टाइप करून नोटीस बोर्डावर लावलेला, कुणाचा वार कुठला, का. कुणी कुरकुर केली नाही, का ते समोर लिहिलेलंच होतं. हे करायला त्या माणसाला एक दुपार लागली असेल.

माझा भाऊ पुण्याला हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. त्याच्या कंपनीनं मार्च २०२० मध्येच कॉम्प्युटर घरी न्यायला सांगितलं, तो मॉनिटर गाडीत घालून सोलापूरला आला. नेटचे पैसे दिले, खुर्चीचे दिले, काम दिलेल्या वेळेत झालं की विषय संपला. वर्षानं मॅनेजर बदलला, आणि नवीन साहेबाचं म्हणणं दिवसभर कॅमेरा चालू पाहिजे. कंपनी तीच, टीम तीच, काम तेच. तो म्हणायचा, अक्का, आधी मी काम करायचो, आता दिसायचं काम करतोय. त्याच्या एका मित्राला तर त्याच्या कंपनीनं जुलै २०२० मध्ये शुक्रवारी मेल टाकला की सोमवारपासून पुण्यात हजर व्हा. तेव्हा रेग्युलर रेल्वे बंद, हुतात्मा नाही, इंद्रायणी नाही, जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास लागायचा, तो मिळायचा तेव्हा मिळायचा. पोरगं फोनवर, हेडफोन लावून करायचं काम करत होतं!

मोठ्या कंपन्यांचं तरी कुठं एक धोरण होतं. टीसीएसनं २०२० मध्ये सांगितलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत, आणि २०२३ मध्ये पाच दिवस ऑफिसला या म्हणून सांगितलं. कंपनीला धोरण बदलायचा हक्क आहे, मी त्यावर वाद घालत नाही. पण भावासारख्या किती पोरांनी त्या वर्षांत आईबापाजवळ राहायचं म्हणून जुळे सोलापुरात, विजापूर रोडला फ्लॅट घेतले, कर्जं काढली, ते घेताना त्यांनी साहेब लोकांच्या असल्याच बोलण्यावर विश्वास ठेवला होता, आणि ते बोलणं नेमणुकीच्या पत्रात कुठंच नव्हतं.

आणि इथं मला सासूबाईंचं सांगायचंय. त्यांनी तीस वर्षं घरी विड्या वळल्या. आमच्या भागात हे काही नवीन नाही, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत दारादारात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. कारखान्यातनं पान, तंबाखू, दोरा आणायचा, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, हजार विड्यांवर मजुरी. मी लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला लागले तेव्हा सगळे वर्क फ्रॉम होम, वर्क फ्रॉम होम म्हणून काहीतरी नवीन असल्यासारखं बोलायचे, तर त्या म्हणाल्या, आम्ही दुसरं काय केलं गं जन्मभर? आणि म्हणाल्या, आमच्या विड्या मोजून घ्यायचे, छाट म्हणजे नापास विड्या बाजूला काढायचे, भांडणं व्हायची, पण मी किती वेळ बसले हे कुणी कधी मोजलं नाही.

मी त्यांच्या कामाचं कौतुक करत नाहीये, तंबाखूची धूळ घरभर, मजुरी कमी, पाठ गेली त्यांची. पण त्या कामाला कायदा होता. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात घरी बसून विडी वळणारी बाई सुद्धा कामगारच धरली, पान कारखान्याबाहेर भिजवायला-कापायला परवानगी देता येते असं कलम होतं, छाटावरनं, कच्च्या मालावरनं वाद झाला तर तो कुठं न्यायचा तेही लिहिलेलं होतं. अंगठा उठवणाऱ्या बायकांसाठी हे सगळं लिहून ठेवता आलं. आणि आमच्यासारख्या शिकलेल्या, पीसीवर काम करणाऱ्यांसाठी काय? २०२० च्या अगदी शेवटी केंद्रानं सेवा क्षेत्रासाठी स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांचा मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आला खरा, पण नेमणुकीच्या अटीत असेल किंवा मालक आणि कामगारांत ठरेल तसं. नऊ जणांच्या ऑफिसात मालक आणि कामगारांत काय ठरतं ते मी वर सांगितलंच.

म्हणून माझं म्हणणं जिल्हाधिकारी साहेब, महापालिका आणि कामगार खात्यापर्यंत तुमच्या पेपरातनं जावं. परत कधी असली साथ आली, येऊ नये, पण आली, तर आदेशात नुसती माणसं मोजू नका, कामं विचारा. कुठलं काम जागेवर आल्याशिवाय होतच नाही, लूम, पॅकिंग, डिस्पॅच, काउंटर, ते प्रत्येक ऑफिसनं लिहून दारावर लावायचं, त्या कामाला कोण कुठल्या वारी येणार तेही. बाकीच्याला बोलवायचं असेल तर मालकानं कारण लिहायचं. ताप असलेल्या माणसाचा त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण पगार कापला की माणूस ताप लपवून येतोच. आणि ते "१० टक्के किंवा १० माणसं" परत लिहू नका, छोट्या ऑफिसांना निम्मे म्हणजे निम्मे असं सरळ सांगा, २०२२ च्या जानेवारीत खाजगी ऑफिसांना ५० टक्क्यांची मर्यादा घातलीच होती की, ती आम्हाला पण कळली आणि शेठना पण.

आता थंबचं मशीन परत चालू झालंय. ते मस्टर जुन्या फाईलींच्या कपाटात आहे, चावी माझ्याकडंच असते. आतमध्ये पेन पण तसंच आहे, दोऱ्यासकट. छापायला हवा असेल तर पानाचा फोटो पाठवते, नावं झाकून. माझं नाव मात्र छापू नका, नोकरी तिथंच आहे.

आपली,
एक वाचक
अशोक चौक, सोलापूर