शेकोटीत काय जाळायचं, हे कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की शेजारच्या बंगल्याच्या परसात दर शनिवारी जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम मांडला जातो, पाहुणे जमतात आणि अकरापर्यंत शेकोटी चालते. शेकोटीवर माझा राग नाही. पोरपणी आम्हीही पाचट पेटवून त्यात शेंगा भाजल्यात. पण एका रविवारी सकाळी गच्चीवर गेलो, तर रात्री वाळत राहिलेल्या आईच्या गोधडीला मोहरीएवढी नऊ भोकं! खाली ड्रमात अर्धवट जळलेलं प्लायवूड, वर सनमायकाचा फुगलेला पापुद्रा. सुतारकामातलं उरलेलं, दुसरं काय. त्यातल्या गोंदाचा धूर डोळ्यांना झोंबतो. थंडीत गार हवा जमिनीलगत बसते, तिच्यातच तो रेंगाळतो. आईला दमा आहे.

महापालिकेच्या कार्यालयात चौकशी केली. "कचरा जाळला असेल तर तक्रार द्या. शेकोटीचं काय लिहायचं?" असं तिथल्या माणसानं मलाच विचारलं. त्याचंही बरोबर आहे. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी बंदी केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला. पण प्लायवूडचा तुकडा लाकूड की कचरा? आग निष्काळजीपणे हाताळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली गुन्हा आहे, हेही वाचलं. गोधडीसाठी पोलिसात जाऊन शेजार कोण तोडणार?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. तेव्हा हौसेच्या शेकोटीसाठी महापालिकेनं एक पानभर नियम काढावेत. फक्त सुकं, बिनरंगाचं लाकूड. भिंत, गाडी, झाडापासून अंतर किती, ते मीटरमध्ये. रात्री दहाला बंद. शेजारी पाण्याची बादली. आणि विझवायचं कसं तेही लिहा, कारण लोक वरून माती लोटून झोपायला जातात आणि आत निखारे पहाटेपर्यंत धगधगत असतात. पाणी ओतून, काठीनं ढवळून, पुन्हा ओतावं लागतं. वॉचमनची आणि ऊसतोड मजुरांच्या पालापुढची शेकोटी मात्र यातून वगळा. ती हौस नव्हे.

शेजाऱ्यांनी गोधडीचे पैसे देऊ केले. आईनं घेतले नाहीत, ड्रमावर जाळी तेवढी बसवा म्हणाली. तीन शनिवार झाले, अजून बसलेली नाही.

– एक वाचक, साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर