डोंबिवलीची खोली तयार आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

गॅलरीकडची खोली रिकामी केली आहे. बाबांना सकाळचं ऊन मिळेल, कमोडही तिथेच लागून. फोनवर विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते: महिनाअखेरीस तुम्ही दोघांनी इकडे यायचं. तिकिटं काढली आहेत.

अण्णाकाकांना झाला तो कॅन्सर हा नव्हे. त्यांचा जठराच्या अस्तराचा होता. बाबांची गाठ जठराच्या भिंतीतली, जिस्ट नावाचा वेगळा कॅन्सर. वर्षाला दहा लाखांत दहा-पंधरा जणांना होते, बहुतेकांना साठीच्या पुढेमागे. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्वचितच पाहिली असणार. पूर्वी ती पसरली की माणूस दीडेक वर्ष काढायचा, साधी केमो तिला लागूच पडत नसे. २००० नंतर इमॅटिनिब ही गोळी आली, जी बाबांना दिली आहे, आणि पसरलेल्यांतलेही जवळपास निम्मे पाच वर्षं गाठू लागले. बाबांची तर पसरलेली नाही, पूर्ण काढली आहे. रिपोर्टातलं ‘हाय रिस्क’ पुन्हा उद्भवण्याबद्दल आहे, म्हणून तर तीन वर्षं गोळी. युरोपातल्या चाचणीत अशाच रोग्यांपैकी तीन वर्षं गोळी घेतलेले शंभरातले ९२ जण पाच वर्षांनी हयात होते. एकच वर्ष घेतलेले ८२. आई, तू ९२ वर बोट ठेव.

बाग विकायचं मनात आणू नका. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं, आपल्या कंपन्यांची तीच गोळी पुष्कळ स्वस्त मिळते.

जावयाकडे कसं राहायचं, हे ऐकणार नाही. खाट ह्यांनीच आणली. दर स्कॅनला रातराणीने टाटाला येणं बाबांना झेपायचं नाही, आणि मला नोकरी सोडून तिकडे राहता येत नाही. किती वेळा मनात हिशेब मांडला. गोवराच्या तापात बाबा रात्रभर पंचाने वारा घालत पाढे म्हणत बसले होते. सतराचा मला तेव्हापासून येतो.

आता ऐका. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्याने. संकष्टीलाही जेवायचं. परसातलं पपनस बंद, गुरवांचा काढाही बंद, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. डोळ्यांभोवती थोडी सूज येते, घाबरू नका. वजन भराभर वाढलं तर मात्र त्याच दिवशी कळवा.

आई, लोणच्याची बरणी आणू नकोस, फुटेल. आणलीसच तर हातातल्या पिशवीत ठेव.

तुमची,
बेबी