स्पंजचा तुकडा आणि बेसचा घुमारा

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू बेस गिटार वाजवलेलं अभंगाचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐकलं. हात लयीला पक्का आहे, स्वरही जागच्या जागी पडतायत. पण पखवाजाची डावी बाजू ऐकूच येत नाही रे. तुझा एक स्वर विझायच्या आत दुसरा येतो, खाली नुसता घुमारा साठतो आणि थाप त्यात बुडते. टोनचं बटण फिरवून पाहिलं, म्हणतोस. त्यानं आवाजाची वरची धार जाते, पण तार होती तेवढीच वाजत राहते. तुला स्वर आखूड करायचाय. ते तारेपाशीच करावं लागतं, आणि त्याचं सामान तुझ्या स्वयंपाकघरात नाहीतर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात असणार.

वाद्याला स्पंज-कापड असलं काही लावायला मन धजत नाही, असं लिहिलंयस. अरे, तुझ्या शेजारी बसणारा पखवाजवादक बैठकीआधी डाव्या पुडीला भिजवलेली कणीकच लावतो ना? आणि बेसला तर हे जन्मापासून ठाऊक आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. त्या काळात ब्रिजवर, म्हणजे बेसच्या घोडीवर, धातूचं झाकण असायचं आणि झाकणाच्या आत तारांना टेकणारी फोमची पट्टी. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसननं ती पट्टी तशीच ठेवली होती, वर जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या) तारा. त्याचा तो गोल, ठोस आवाज बराचसा त्यातूनच आला. अमेरिकन बेसवादक कॅरॉल के या पिकनं (तार छेडायच्या चकतीनं) वाजवायच्या आणि ब्रिजपाशी तारांवर वरून फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा ठेवायच्या. म्हणजे थोरांनीही हेच केलंय, तू निर्धास्त राहा.

आता कृती. भांडी घासायचा नवा स्पंज घे आणि त्याची हिरवी खरखरीत बाजू आधी कापून टाक. ती तारेच्या वेटोळ्यांना आणि पॉलिशला घासता कामा नये. सात-आठ सेंटिमीटर लांब, बोटभर रुंद पट्टी काप. जाडी तार आणि लाकूड यांच्यातल्या फटीपेक्षा किंचितच जास्त हवी. पट्टी ब्रिजला अगदी लागून, तारांच्या खालून सरकव. स्पंज तारेला टेकला पाहिजे, तारेला वर ढकलता कामा नये. ढकललं की ताण वाढतो आणि स्वर चढतो. म्हणून स्पंज बसवल्यावर बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) ट्यूनरनं सूर तपासच. जी (G) ची तार बारीक, ती लवकर मरते. तिच्या बाजूला स्पंज थोडा तासून घे. ई (E) ची तार जाड, तिला भरपूर स्पर्श चालतो.

ब्रिजजवळच का, तर तिथं तारेचा मूळ स्वर फार कमी हलतो आणि त्याच्यासोबत उमटणारे वरचे उपस्वर त्या मानानं जास्त हलतात. स्पंज आधी त्यांना गिळतो, मूळ स्वर बराचसा शाबूत राहतो. पट्टी तारेचा आवाज टिपणाऱ्या पिकअपकडे सरकवत गेलास की मूळ स्वरही दबतो आणि शेवटी नुसती थाप उरते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तारेमध्ये सुताचा दोरा सरकवतात, ते आपण किती वेळ उभं राहून बघायचो. तिथं तार खुलवायची असते, तुला मिटवायचीय; पण जागा तशीच शोधायची. तार छेडत राहा आणि पट्टी केसाकेसानं हलव.

स्पंजवरच अडून राहू नकोस. मोज्याची घडी चालते, पण ती सैल पडते आणि चारही तारांना सारखी लागत नाही. चपलेचं रबर नको, फार कडक असतं, स्वर लाकडासारखा बद्द होतो. मला विचारशील तर सगळ्यात सुंदर आवाज घोंगडीच्या तुकड्याचा. लोकर दाट असल्यानं स्वर चटकन थांबतो, तरी त्याची ऊब जात नाही. अभंगाला मी तोच लावेन. केसांना लावायचं कापडी रबर पहिल्या फ्रेटवर चढवलं तर वरच्या फ्रेट्सवर वाजवताना मोकळ्या तारांचा झंकार थांबतो. पण मग मोकळी तार वाजवता येत नाही, म्हणून तुझ्या कामाला ते नको.

काहीही लाव, डिंक किंवा चिकटपट्टी लावू नकोस. फोम जुना झाला की चिकट होऊन भुकटी पडते, आणि काही पॉलिशवर फोम-रबराचे डाग उठतात. खाली सुती कापड ठेव आणि काम झालं की काढून ठेव.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. तार पुरती मारू नकोस. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती झेपतच नाही; वरचे उपस्वर ऐकून आपला कान खालचा स्वर ओळखतो. ते सगळेच गिळून टाकलेस तर फोनवर अभंग ऐकणाऱ्याला तुझा बेस सापडणारच नाही. पखवाजाची थाप मोकळी ऐकू येईल आणि गाणाऱ्याला खालचा आधारही जाणवेल, तिथवरच दाब. आणि डाव्या हाताची बोटं लवकर उचलायची सवय सोडू नकोस, मधल्या विश्रांतीच्या मात्रा स्पंज मोजत नाही.

स्टुडिओत जाण्याआधी तोच अभंग एकदा स्पंजनं, एकदा लोकरीनं, एकदा मोकळ्या तारांनी वाजवून तिन्ही मला पाठव. घोंगडीचा तुकडा घरात नसेल तर कळव, पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देतो. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
सांगलीचा मित्र